विनोदी गुप्तहेरकथा, चायनाटाउन १९२४: बंदी कायदा, चौकशी आणि विनोदाची जागा

निळावंती

एका विनोदी दीर्घकथेची जुळवाजुळव चालू आहे. स्थळ सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन, काळ १९२४-२५. नायक तिथेच जन्मलेला, चिनी वंशाचा खाजगी गुप्तहेर. धंदा बेताचा, भाडं थकलेलं. अशील एक चिनी व्यापारी. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा चीनहून बोटीने आला आणि एंजल आयलंडवर, म्हणजे बंदराजवळच्या बेटावरच्या स्थलांतर ठाण्यात, अडकला, कारण कुणीतरी निनावी पत्र पाठवून 'हा त्याचा मुलगाच नाही' असं कळवलंय. पत्र कुणी लिहिलं हे नायकाने शोधायचं आहे.

जाणकारांना प्रश्न:

१. त्या वर्षी कायद्याने कोण आत येऊ शकत होतं आणि कोण नाही?
२. बेटावरची चौकशी नेमकी कशी चालायची? मुलगा कुठे अडखळू शकतो?
३. चिनी वंशाच्या खाजगी गुप्तहेराला शहरात काय काय करता आलं असतं?
४. विनोद कुठे करावा? म्हणींमागून म्हणी फेकणारा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा चिनी गुप्तहेर मला लिहायचा नाही.

दप्तरखाना

पहिले दोन प्रश्न मी घेतो. उत्तर लांबेल, कारण तुमचं सगळं कथानक याच दोन प्रश्नांवर उभं आहे.

चिनी लोकांवरच्या बंदीचा मूळ कायदा मे १८८२ चा. चिनी मजुरांना, कुशल असोत वा अकुशल, दहा वर्षं प्रवेशबंदी, आणि कुठल्याही चिनी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व द्यायचं नाही. सूट मिळाली ती व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, प्रवासी आणि राजनैतिक अधिकाऱ्यांना. १८८८ मध्ये, मायदेशी गेलेल्या मजुरांकडचे परतीचे दाखले एका फटक्यात रद्द झाले. १८९२ मध्ये मुदत आणखी दहा वर्षं वाढली, वर प्रत्येक मजुराने रहिवासाचा दाखला बाळगायची सक्ती आली. दाखला नसेल तर आपण आधीपासून इथे राहतो हे सिद्ध करायला किमान एक 'विश्वासार्ह गोरा साक्षीदार' आणायचा. १९०४ मध्ये मुदतीची भानगडच संपवली, बंदी कायमची झाली. ती उठली डिसेंबर १९४३ मध्ये, आणि तेव्हा वर्षाला १०५ जणांचा कोटा मिळाला.

आता भिंतीतली फट. १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, आईबाप चिनी असले तरी. नागरिकाची चीनमध्ये जन्मलेली मुलंही नागरिक. मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आणि त्यामागची आग आली, आणि शहराच्या जन्मनोंदी जळून गेल्या. 'माझा जन्म इथलाच' असं म्हणणाऱ्याला खोटं पाडायला कागदच उरला नाही. असा नागरिक चीनला जाऊन यायचा आणि परत येताना 'मुलगा झाला' अशी नोंद करायचा. मुलगी झाल्याची नोंद क्वचितच. प्रत्येक नोंद म्हणजे एक रिकामी जागा, आणि ती विकता यायची. ढोबळ भाव मुलाच्या वयाच्या दर वर्षाला शंभर डॉलर. तुमचा सतरा वर्षांचा पोरगा असा 'कागदी मुलगा' असेल तर सतराशे डॉलर धरा. व्यापाऱ्यांच्या नावावरही अशीच मुलं यायची.

१९२४ हे साल तुम्ही ठरवून निवडलंय की नाही माहीत नाही, पण ते भलतंच उपयोगी आहे. त्या वर्षीचा नवा स्थलांतर कायदा १ जुलैला लागू झाला आणि नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या सगळ्यांना, म्हणजे चिनी लोकांनाही, दार बंद झालं. व्यापाऱ्यांच्या बायका आणि अज्ञान मुलंसुद्धा अडकली. २५ मे १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. चिनी व्यापाऱ्याची बायको आणि अज्ञान मुलं चीनशी झालेल्या जुन्या तहामुळे येऊ शकतात. अमेरिकन नागरिकाची चिनी बायको मात्र येऊ शकत नाही! नागरिकापेक्षा परका बरा, असा हा न्याय. तेव्हा तुमचा अशील व्यापारी असेल तर बोट कोणत्या तारखेला लागली ते आधी पक्कं करा. जुलै १९२४ नंतर लागली तर निनावी पत्राशिवायही मुलगा महिनोन् महिने अडकू शकतो.

व्यापारी असल्याचं सिद्ध करणं हे वेगळंच प्रकरण. दोन बिगर-चिनी साक्षीदारांनी सांगायचं की गेलं वर्षभर हा माणूस ठरावीक दुकानात भागीदार आहे आणि त्याने अंगमेहनतीचं काम केलेलं नाही, 'धंद्याला आवश्यक तेवढं सोडून'. अधिकारी दुकानात येऊन भागीदारांची यादी तपासायचे. पोतं उचलणं आवश्यक की अंगमेहनत? मासळी कापणं? या एका शब्दसमूहावर तुम्हाला अख्खं प्रकरण लिहिता येईल.

चौकशीचा क्रम असा:

बोट आली की सूट असलेले आणि वरच्या वर्गाचे बरेचसे प्रवासी बोटीवरच तपासून सोडले जात, बाकीच्यांना छोट्या बोटीने बेटावर. हे ठाणं २१ जानेवारी १९१० ला सुरू झालं आणि १९४० पर्यंत चाललं. आधी वैद्यकीय तपासणी. अंकुशकृमी सापडला तर परत पाठवणी किंवा स्वखर्चाने उपचार. मग वाट पाहणं, काही दिवस ते काही आठवडे. अपिलात गेलेल्यांचे काही मुक्काम वर्षाच्याही वर गेले. पुरुष आणि बायका वेगळ्या इमारतींत, आणि चौकशी पुरी होईपर्यंत बाहेरच्या कुणाची भेट नाही. भिंतींवर कोरलेल्या कविता याच काळातल्या.

चौकशी मंडळात दोन निरीक्षक, एक लघुलेखक, एक दुभाषी. दुभाष्याने संगनमत करू नये म्हणून बैठकीगणिक तो बदलत. शेवटी दुभाष्यालाच विचारत की मुलाची आणि बापाची बोली एकाच गावची वाटते का. आधी मुलाची जबानी, मग बापाची आणि साक्षीदारांची, सगळ्यांची स्वतंत्र. प्रश्न शेकड्यांनी: गावात घरांच्या ओळी किती? तुमचं घर कितव्या ओळीत? तिसऱ्या घरात कोण राहतं, त्याची मुलं किती? तांदळाचा रांजण कुठे? जमीन विटांची की मातीची? घड्याळ कोणत्या भिंतीवर? विहीर किती पावलांवर? दोन जबान्या शेजारी ठेवून विसंगती काढायच्या. निकाल विरोधात गेला तर वॉशिंग्टनला अपील, तिथेही हरलात तर फेडरल कोर्टात बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अडकवून ठेवणं बेकायदा आहे असा, अर्ज. बरेच जण वकिलाच्या जोरावर असे सुटले.

पढवणीची वही, म्हणजे या प्रश्नांची आधीच ठरवलेली उत्तरं, बोटीवर पाठ करायची आणि बंदर दिसायच्या आत समुद्रात फेकायची. बेटावर निरोप पोचवायचं काम स्वयंपाकघरातले चिनी कामगार करत, भुईमुगाच्या टरफलात चिठ्ठी लपवून वगैरे.

अडखळायच्या जागा, तुमच्या कामाच्या:

वय. चिनी पद्धतीत बाळ जन्मतःच एक वर्षाचं, आणि पुढचं वर्ष वाढदिवसाला नाही, नववर्षाला चढतं. त्यामुळे खऱ्या बापलेकांच्या आकड्यांतही एक-दोन वर्षांचा फरक पडतो.

नाव. लग्नात पुरुषाला दुसरं नाव मिळतं. मुलगा बाळपणीचं नाव सांगतो, बाप लग्नातलं, आणि निरीक्षकाच्या लेखी ते दोन काका झाले.

घर. बाप दहा वर्षांपूर्वी निघाला, मागे आजोबांनी भिंत पाडून खिडकी काढली. बापाला पत्ताच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरा मुलगा नापास व्हायचा. घरात राहणारा माणूस पायऱ्या मोजत नाही. पायऱ्या मोजून येतो तो वही पाठ केलेला. तुमच्या कथेचं इंजिन मला इथे दिसतं.

कोपरखळी

प्रश्न ४.

आधी जुना हिशेब. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम काढले, त्यातला पाचवा: कथेत चिनी माणूस असता कामा नये. वाचून भुवया उंचावतात, पण टोमणा होता तो स्वस्त थरारकथांवर. त्यांत तळघरात बसून जग बुडवणारा चिनी खलनायक हटकून असायचा. दुसऱ्या टोकाला चार्ली चॅन, १९२५ पासूनच्या कादंबऱ्यांतला चिनी गुप्तहेर. सभ्य, हुशार, आणि दर दोन पानांआड एक सुभाषित. पडद्यावर तो गाजला स्वीडिश नटाच्या रूपात, आणि त्याच्या मुलाचं काम मात्र खऱ्या चिनी-अमेरिकन नटाने केलं. ज्या होनोलुलूच्या पोलिसाकडे त्याचं मूळ म्हणून बोट दाखवतात, तो चँग अपाना हातात चाबूक घेऊन हिंडायचा, सुभाषितं घेऊन नाही.

माझ्या मते दोन्हींची खोड एकच. दोघांनाही घरभाडं नाही, दाखला हरवायची धास्ती नाही, नातेवाइकांचा ताप नाही. म्हणजे ज्यातून विनोद निघतो तेच नाही. तुमच्या नायकाचं भाडं थकलंय ही सुरुवात उत्तम आहे.

लिहिताना पुढच्या गोष्टी करून पाहा.

भाषेची पातळी उलटी करा. चायनाटाउनातली माणसं आपसात बोलतात ते अस्खलित, रोजच्या मराठीत लिहा, शिव्यांसकट. सरकारी अधिकाऱ्यांचं बोलणं कचेरीच्या मराठीत: 'सदरहू इसमास विचारणा केली असता'. नायक इंग्रजीत बोलतो तेव्हा तोही कचेरीची मराठी बोलू लागतो, आणि निरीक्षकापेक्षा सफाईने बोलतो. उच्चारांची टिंगल करायची वेळच येत नाही.

जबानीचं प्रकरण निव्वळ प्रश्नोत्तरांत लिहा. वर्णन शून्य, 'तो चिडून म्हणाला' शून्य. दोन रकाने करा, मुलाचा आणि बापाचा. बारा प्रश्न पुरेत, चाळीस घातलेत तर वाचक पळेल. बारापैकी नऊ उत्तरं जुळतात, तीन जुळत नाहीत. एक विसंगती निष्पाप (वयाची), एक पढवणीतली चूक, आणि एक जाणूनबुजून पेरलेली. वाचक पहिलीवर हसला पाहिजे, दुसरीवर काळजीत पडला पाहिजे आणि तिसरी त्याच्या नजरेतून सुटली पाहिजे. म्हणून तिसरी विसंगती हशाच्या लगेच नंतरच्या प्रश्नात ठेवा. सहाव्या प्रश्नावर हशा, सातव्यात धागा.

आता कुठे हसायचं नाही. लॉस एंजेलिस, २४ ऑक्टोबर १८७१: जमावाने एका रात्रीत किमान अठरा चिनी मारले, आणि ज्यांना शिक्षा झाल्या त्या पुढे वरच्या कोर्टाने रद्द केल्या. रॉक स्प्रिंग्ज, वायोमिंग, २ सप्टेंबर १८८५: गोऱ्या खाणकामगारांनी किमान अठ्ठावीस चिनी कामगार मारले, वस्ती जाळली. हे कथेत यायला हवं तर एका वाक्यात येऊ द्या, आणि त्या वाक्याच्या आगेमागे कोटी नको.

कायद्यांवर मात्र खुशाल हसा, त्यांत भर घालावी लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा १८७० चा हवेचा नियम: खोलीत माणशी पाचशे घनफूट हवा हवी, नाहीतर दंड किंवा कैद. चिनी लोकांनी दंड न भरता कैद पत्करली. तुरुंग इतका भरला की तिथेच माणशी पाचशे घनफूट राहिली नाही. मग दंड भरायला लावण्यासाठी १८७६ चा वेणीचा नियम: कैद्याचे केस इंचभर ठेवून कापायचे, म्हणजे चिनी पुरुष राखत ती लांब वेणी गेलीच. हो अ काउ नावाच्या माणसाने शेरिफवर दावा लावला, १८७९ मध्ये जिंकला आणि दहा हजार डॉलर भरपाई मिळवली. लाँड्रीवाल्यांवर एक कर असा होता की घोडागाडीने कपडे पोचवणाऱ्याला कमी आणि पायी पोचवणाऱ्याला जास्त. पायी कोण पोचवायचं, हे सांगायला नको.

हे सगळं तुमच्या काळाच्या पन्नास वर्षं आधीचं. म्हणून एक म्हातारा काका घाला. १८७६ मध्ये विशीत असेल तर १९२४ ला अडुसष्टचा. तो कोठडीत वेणी गमावून बसलेला, आणि खोलीत शिरला की आधी लांबी-रुंदी-उंची मोजून हवा पुरेशी आहे का ते सांगणारा.

गल्लीबोळ

तिसरा प्रश्न, आणि काही भौगोलिक सूचना.

पहिली सूचना: भुयारं नकोत. चायनाटाउनखाली गुप्त भुयारांचं जाळं आहे ही जुनी आवई आहे. १९०६ च्या आगीत वस्ती भुईसपाट झाली तेव्हा खाली साधी तळघरं निघाली. टाँग, म्हणजे चायनाटाउनातल्या गुप्त संघटनांच्या, टोळ्यांची कुऱ्हाडबाजीही आवरा. वीसच्या दशकात तिचा जोर सरत आला होता आणि वाचकाला तो मसाला पाठ आहे.

त्याऐवजी वाटाडे घ्या. गोऱ्या पर्यटकांना रात्री अफूचे अड्डे दाखवणारे वाटाडे असत, आणि त्यांतले काही अड्डे पैसे देऊन उभे केलेले, भाडोत्री नशेबाजांसकट. हा प्रकार मुख्यतः आगीच्या आधीचा, पण १९२४ मध्ये असा एखादा निवृत्त 'नशेबाज' तुमच्या गुप्तहेराचा खबऱ्या म्हणून शोभेल. लोकांसमोर तासन् तास निश्चल पडून राहायची सवय असलेल्या माणसाला पाळतीवर बसवण्यात अर्थ आहे.

इमारतींचंही तेच. आगीनंतर चिनी वस्ती शहराच्या टोकाला हंटर्स पॉइंटकडे हलवायचा घाट होता. चिनी व्यापाऱ्यांनी तो हाणून पाडला आणि गोरे वास्तुरचनाकार नेमून पॅगोडासारखी छपरं चढवली. ग्रँट ॲव्हेन्यू आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटचा कोपरा पाहा. पर्यटकांना हवं तसं 'चीन' बांधून दिलं आणि जागा राखली.

टेलिफोन एक्स्चेंज विसरू नका: ७४३ वॉशिंग्टन स्ट्रीट, तीन छपरांची इमारत. गिऱ्हाईक नंबर सांगत नसे, माणसाचं नाव सांगे, कारण माणसाला आकड्याने हाक मारणं असभ्य. ऑपरेटर बायकांना हजारावर नावं, पत्ते, कोण कुठे काम करतो, एकाच नावाची माणसं किती, हे सगळं तोंडपाठ, शिवाय अनेक बोली येत. गुप्तहेराची खरी भागीदार इथे बसलेली आहे. फक्त एक करा: तिने ऐकलेलं थेट सांगू नये, नाहीतर रहस्य दुसऱ्याच प्रकरणात संपेल. तिने एवढंच सांगावं की त्या आठवड्यात अमक्याने तमक्याला फोन केला *नाही*.

पोलिस: चायनाटाउनसाठी साध्या वेशातलं वेगळं पथक होतं, १९२१ पासून जॅक मॅनियन त्याचा प्रमुख. दार फोडून आत शिरणं ही त्या पथकाची जुनी ख्याती. खऱ्या माणसाला पात्र करू नका, पथकातला एखादा काल्पनिक शिपाई घ्या.

नायकाला काय करता येईल? १८५४ च्या हॉल खटल्यापासून चिनी माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नव्हती, पण ती बंदी १८७० च्या दशकातच गेली. १९२४ मध्ये तो कोर्टात उभा राहू शकतो, विश्वास ठेवतील का हा वेगळा मुद्दा. वस्तीबाहेर भाड्याने घर मिळणं जवळपास अशक्य. नॉब हिल या श्रीमंत गोऱ्या वस्तीत कोट-हॅट घालून कुणाचा पाठलाग केला तर पाच मिनिटांत पोलिस हटकणार. तोच कपड्यांची बोचकी घेऊन मागच्या दाराने गेला तर कुणी मान वर करून पाहणार नाही. वेषांतर करायचं ते लपण्यासाठी नाही, लोकांना अपेक्षित तेवढंच दिसावं म्हणून.

प्रेमप्रकरण असेल तर जपून. ऑपरेटर अमेरिकेत जन्मलेली असेल आणि अमेरिकेचा नागरिक नसलेल्या चिनी माणसाशी लग्न करील, तर तिचं नागरिकत्व जातं. १९२२ च्या केबल कायद्याने इतर बायकांना सवलत दिली, पण नागरिकत्वाला अपात्र नवरा असलेल्यांना नाही; हे १९३१ मध्ये सुधारलं. गोऱ्या बाईशी लग्न कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत बेकायदा.

निळावंती

केवढं दिलंत! वेणीवाला काका आत्ताच कथेत आला. एक अडचण उरते. मुलगा खरा ठेवू की कागदी? कागदी ठेवला तर गुप्तहेराने सत्य शोधलं की अशीलच बुडतो.

दप्तरखाना

त्यासाठीच कागदी ठेवा. बापाची नोंद खोटी ठरली तर मुलगा परत जातोच, पण त्या नोंदीवर आलेले 'भाऊ', 'काका' सगळे धोक्यात येतात. १९५६ मध्ये सरकारने कबुलीची योजना काढली तेव्हाही हाच पेच होता: एकाने कबुली दिली की अख्ख्या कागदी घराण्याची नावं बाहेर. म्हणजे गुप्तहेराने सत्य शोधायचं, ते दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून. पत्र लिहिणारा शोधा त्या कागदी घराण्यातच: ज्याने आपल्या पोरासाठी तीच जागा मागितली होती आणि ज्याला भाव परवडला नाही असा. त्याला घराची माहिती आहे, म्हणून विसंगती नेमक्या जागी पेरता येते.

पुरावा कुठे ठेवायचा तेही सांगतो. कागदी आडनाव इंग्रजी कागदांवर राहतं, पण थडग्यावर चिनी अक्षरांत खरं आडनाव कोरतात. शहरातली बहुतेक दफनं तेव्हा दक्षिणेला कोल्माला होत. आडनावांची ही जोडी नायकाला वाचता येते, निरीक्षकाला नाही.

कोपरखळी

मी उलट सुचवीन: मुलगा खरा, आणि खरा असल्यामुळेच नापास. मग गुप्तहेराला त्या खऱ्या मुलाला त्याच्याच घराची वही पाठ करायला लावावी लागेल. टरफलांतून रोज दोन पायऱ्या आणि एक खिडकी. दप्तरखानांचा शेवट चटका लावतो, पण विनोदी कथेला हा जास्त मानवेल. निनावी पत्राचा गुन्हेगार दोन्हींत चालतो.

गल्लीबोळ

खरा मुलगा असेल तर टरफलांचा हिशेब सांभाळा. चिठ्ठी मुलापर्यंत पोचेल ती जेवणाच्या वेळी, आणि बेटाची बोट शहरातून जाणार त्या वेळापत्रकाने. एक ओळ पाठवून उत्तर यायला किमान एक दिवस धरा. पहिली जबानी लेखी झालेली असल्यामुळे त्यात बदल करता येणार नाही. वही पाठ होईल ती फेरचौकशीसाठी, आणि दोन जबान्यांमध्ये एकदम सुधारणा दिसली की निरीक्षक पढवणीचा संशय घेणारच. म्हणून एखादं उत्तर मुद्दाम चुकीचं ठेवावं लागेल. कोणतं ठेवायचं, यावर काका आणि ऑपरेटर भांडू द्या. आणि आगबोट कंपनीचा माणूसही आत घ्या: नाकारलेल्या प्रवाशाला परत न्यायचा खर्च कंपनीच्या माथी असे, त्यामुळे मुलगा सुटावा असं मनापासून वाटणारा गोरा तुम्हाला फुकटात मिळतो.